कापडाच्या पंखांवर भरवसा

वीकेण्डला अजिंठ्याची लेणी पाहून दमलो आणि फर्दापूरच्या एका टपरीवर चहाला टेकलो. तेवढ्यात वारा सुटला. डोक्यावरची ताडपत्री टम्म फुगून वर उठली! टपरीवाल्या काकांनी शांतपणे मधोमध आणखी दोन दोऱ्या आवळल्या. नुसत्या कडा बांधून भागत नाही, हे त्यांना पाठ होतं.

‘अरे, हीच तर थिअरी!’ मी ओरडलेच. त्या आठवड्यात माझ्या डोक्यात एकच विषय होता, घरी बांधलेल्या विमानाचे कापडी पंख.

हो, कापडी! 1903 साली राइट बंधूंचं विमान पहिल्यांदा 12 सेकंद उडालं, तेव्हा त्याच्या पंखांवर मलमल होती. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं 1958 चं ‘पुष्पक’ही कापडानं मढवलेलं. आजचे हौशी विमानकर्ते पॉलिस्टर वापरतात. सांगाड्यावर ते चिकटवायचं आणि वर चक्क इस्त्री फिरवायची! उष्णतेनं कापड आक्रसून ढोलकीसारखं ताणलं जातं. इस्त्री मात्र मोजून, सुरुवातीला साधारण 120 आणि शेवटी 175 अंश सेल्सिअस. त्यापुढे गेलात, तर कापड उलट सैल पडतं.

मग काकांची युक्ती. उडताना पंखावरचा हवेचा दाब कमी होतो, कापड वर खेचलं जातं. म्हणून ते फासळ्यांना दोऱ्यानं शिवतात. त्यावर चंदेरी थर, उन्हानं कापड कुजू नये म्हणून.

झालं, आता उडायचं? छे! पंख उलटा बसवून त्यावर वाळूच्या पिशव्या रचायच्या. उलटा का, तर उडताना जोर खालून वर येतो. छोट्या विमानांसाठी रूढ प्रमाण आहे वजनाच्या 3.8 पट भाराचं. पिशव्या काढल्यावर पंख पूर्ववत झाला नाही, तर सगळी मेहनत पाण्यात. पण माणूस जमिनीवरच, सुखरूप!

इथं कॅप्टन अमोल यादव आठवतात. कांदिवलीत चारकोपच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. ते धातूचं, पण धीर तोच. 2016 मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, 2017 मध्ये नोंदणी झाली आणि चाचणी-उड्डाणाची परवानगी मिळाली 2019 मध्ये.

आणि आपण? प्रेझेंटेशन दुसऱ्यांदा तपासायचाही कंटाळा!

निघताना वळून पाहिलं. वारा तसाच होता. ताडपत्री फडफडत होती, पण जागची हलली नव्हती.