साडीआड लपवलेलं दुखणं

मैत्रिणींनो, दिवसभर ओट्यापाशी उभं राहून पाय भरून येतात, पोटरीवर निळ्या शिरांची वेटोळी दिसतात. आपण मात्र साडी खाली ओढून गप्प! शिरांमधल्या झडपा सैल पडल्या की रक्त पायात साचतं. अंगावर काढलं तर घोट्याजवळ लवकर न भरणारी जखम होऊ शकते.

डॉप्लर सोनोग्राफीत दोष कळतो. मग पाय बधिर करून, सुईएवढ्या छिद्रातून बारीक नळी घालून लेसरच्या उष्णतेने ती शीर बंद करतात. रक्त दुसऱ्या चांगल्या शिरांतून जातं. बहुतेकजणी त्याच दिवशी घरी येतात.

पण अंथरूण धरायचं नाही हं! रोज चालायचं, डॉक्टर सांगतील तितके दिवस घट्ट मोजे घालायचे. पोटरी सुजली, धाप लागली तर लगेच दवाखाना गाठायचा. आणि थोडे दिवस ओट्यापाशी दुसऱ्या कुणाला उभं राहू द्या!