दणकट स्टीलही तडकतं

फॅब्रिकेशनच्या धंद्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "हाय टेन्साईल माल आहे, तुटायचं नावच नको." मग टेन्साईल टेस्टचं सर्टिफिकेट पुढे सरकतं आणि विषय मिटला असं सगळे धरून चालतात. मिटत नाही. ताकद म्हणजे स्टील किती ताण पेलेल. चिवटपणा म्हणजे आधीच भेग असताना ते किती तग धरेल. सर्टिफिकेटवाला नमुना तर बिनभेगेचा, गुळगुळीत कातलेला असतो!

अमेरिकेत ओहायो नदीवर १९२८ मध्ये सिल्व्हर ब्रिज खुला झाला. त्याच्या साखळीचे दांडे उष्णोपचार केलेल्या, मुद्दाम जास्त ताकदीच्या स्टीलचे होते. म्हणून तर प्रत्येक टप्प्यात दोनच दांडे पुरेसे वाटले. १५ डिसेंबर १९६७ रोजी, संध्याकाळच्या ऐन गर्दीत, एका दांड्याचं भोकाजवळचं टोक तडकलं आणि पूल वाहनांसकट कोसळला. ४६ जण दगावले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात मूळ भेग सापडली ती जेमतेम अडीच मिलिमीटर खोल, तीही सांधा सोडवल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी. ताकद कुठेच कमी पडली नव्हती. कमी पडला तो चिवटपणा.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "त्यासाठी चार्पी आघात-चाचणी करतोच की!" करावीच. पण दहा मिलिमीटर चौकोनी नमुना, दोन मिलिमीटरची बोथट खाच आणि लोलकाचा एक घाव, यातून येणारे ज्यूल मालाची तुलना करायला उत्तम. प्रत्यक्ष जोडात किती मोठी भेग चालेल, ते हा आकडा थेट सांगत नाही. त्यासाठी सीटीओडी चाचणी लागते. शक्यतो प्लेटच्या पूर्ण जाडीचा नमुना घेऊन, हलका भार पुन्हापुन्हा देत खाचेच्या टोकाशी खरी भेग वाढवतात. मग नमुना वापराच्या किमान तापमानाला थंड करून वाकवतात आणि भेगेचं टोक किती उघडलं ते काढतात.

असेच आणखी काही नेहमीचे दावे. "जाड प्लेट म्हणजे जास्त सुरक्षित" : जाडीमुळे भेगेच्या टोकाशी धातूला पसरायला वाव कमी मिळतो आणि ठिसूळपणाचा धोका उलट वाढतो. "एक्स-रे स्वच्छ आला" : एक्स-रे दोष दाखवतो, चिवटपणा नाही. "तीनपैकी दोन नमुने चांगले, सरासरी काढा" : बीएस ७९१० या ब्रिटिश प्रमाणपद्धतीत तीन नमुने असतील तर सर्वांत कमी आकडा धरतात.

वेल्डच्या जोडात आणखी एक मेख आहे. वेल्डलगतच्या, उष्णतेने बदललेल्या मूळ धातूत भरड कणांचा पट्टा असतो. बरेचदा मिलिमीटरभरही रुंद नसतो. चाचणीच्या नमुन्यातल्या भेगेचं टोक नेमकं त्यात पडावं लागतं. म्हणून नमुना मोडल्यावर तो कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली ते टोक कुठे पडलं हे तपासतात. नेम चुकला असेल, तर त्या पट्ट्यापुरता तो आकडा, कितीही देखणा असला तरी, बाद.