कुडोजचा ‘ज’ कुठून आला?

प्रोजेक्ट वेळेत पार पडला की साहेबांचा मेल येतोच, ‘कुडोज टू द टीम!’ पगारवाढीचा पत्ता नसतो, पण कुडोज मात्र सढळ हातानं. या शब्दाची कुंडली मांडली तर साहेबही चाट पडतील.

मूळ शब्द ग्रीक, कूदोस. म्हणजे रणांगणावर मिळणारं तेज, कीर्ती. होमरच्या ‘इलियड’मध्ये ते बहाल करतात थेट देव. हेक्टरचा पाठलाग करताना अकिलीस मानेनंच आपल्या सैनिकांना खुणावतो, खबरदार, भाले सोडाल तर! का? दुसऱ्या कुणाचा नेम लागला तर कूदोस त्याचं, आणि आपण दुय्यम. श्रेयासाठीची ही धडपड आपल्या मीटिंगांतही दिसते म्हणा.

इंग्रजीत हा शब्द खेळवला तो ग्रीक घोकणाऱ्या ब्रिटिश विद्यापीठांतल्या पोरांनी, थोडा मिरवायला, थोडा चेष्टेत. एकोणिसाव्या शतकात तो चांगलाच रुळला. १८५९ साली ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध होण्याच्या तोंडावर भूवैज्ञानिक लायेलनं निम्मं पुस्तक वाचलं आणि आपल्याला भरपूर कुडोस दिलं, असं डार्विननं मित्राला पत्रात कळवलंय. एवढ्या मोठ्या माणसालाही शाबासकीचं अप्रूप होतंच!

खरी गंमत शेवटच्या अक्षरात आहे. ते अनेकवचनाचं नाहीच. मूळ ग्रीक शब्द एकवचनी. पण शेवटी ‘एस’ दिसला की इंग्रजी माणसाला अनेकवचनाचा भास होतो. विसाव्या शतकात कुणीतरी तो खोडला आणि ‘कुडो’ जन्माला आला. शुद्धलेखनवाले आजही त्यावर नाकं मुरडतात. मात्र त्यांनी मटार जपून खावा. ‘पीज’ हा शब्दही आधी एकवचनीच होता. त्याचा ‘पी’ झाला तोही असाच, शेपूट छाटून.

उच्चारातही दोन तट. ब्रिटिश म्हणतात क्यूडॉस, अमेरिकन बरेचदा कूडोज. आपल्या ऑफिसांत अमेरिकन पंथ जोरात. आणि ‘स्ट्राव्हा’ या ॲपवर तर अंगठ्याचं बटण दाबलं की झालं कुडोज. पहाटे सायकल हाणणाऱ्याला ते अंथरुणात लोळतही देता येतं. अकिलीसनं हे पाहायला हवं होतं!

तेव्हा कौतुक एकट्याचं असो की अख्ख्या टीमचं, बिनधास्त ‘कुडोज’ लिहा. फक्त एकच माणूस आहे म्हणून त्याला ‘कुडो’ देऊन बोळवू नका.