पांढरी पाच आणि फ्रिज

तानपुरे लावून झाले होते, पण बाईंचं समाधान होईना. खरजाच्या तारेचा मणी त्यांनी पुन्हा केसभर सरकवला, कान भोपळ्याजवळ नेला, मान हलवली. मग डोळे न उघडताच म्हणाल्या, "आत काहीतरी वाजतंय." आम्ही चाळीस माणसं एकमेकांकडे बघू लागलो. घरच्या वहिनी उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि फ्रिज बंद करून आल्या. त्या क्षणापर्यंत तो चालू आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

नंतर मी गणित मांडून पाहिलं. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे फ्रिजची घरघर बहुतेक वेळा १०० कंपनांपाशी असते. बाईंची पट्टी पांढरी पाच. म्हणजे त्यांचा षड्ज १९६ आणि तानपुऱ्याचा खरज ९८ कंपनांचा. ९८ला १०० घासलं की सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. त्यात त्या गाणार होत्या मारवा. खरजाच्या वरचा कोमल रिषभ १०४च्या आगेमागे. फ्रिज नेमका षड्ज आणि रिषभ यांच्या फटीत जाऊन बसला होता, आणि मारव्याचा सगळा जीव तर त्या रिषभात! त्या चिडल्या नाहीत, हेच नवल.

या बाईंचं गाणं मी वीस वर्षं ऐकतोय. नाट्यगृहात विसाव्या-बाविसाव्या रांगेतून, मांडवात भारतीय बैठकीच्या टोकाकडून, एरवी फोनवर. सदाशिव पेठेतल्या मित्राच्या फ्लॅटवर त्या माझ्यापासून सहा फुटांवर बसल्या. सोफा शेजाऱ्यांकडे पाठवला होता, खाली सतरंज्या, त्यावर धुतलेल्या चादरी, भिंतीला लोड. माइक नाही. पंखेही बंद, कारण वाऱ्याने तारा उतरतात. बिदागीसाठी दाराशी एक डबा ठेवला होता. ज्याने त्याने पाकीट टाकायचं, आकडा विचारायचा नाही.

फ्रिज थांबला आणि तानपुरा ऐकू आला. खरं तर तो आधीही ऐकू येतच होता, पण आता उघडला. घोडीवर तारेखाली जो सुती दोरा सरकवतात, तो योग्य जागी बसला की तार घोडीला निसटती घासत राहते आणि मूळ स्वराच्या पोटातले वरचे स्वर बाहेर पडतात. ही जवारी. ती चोख लागली की खरजाच्या तारेतून कुणी न छेडलेला गंधार ऐकू येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मारव्यात पंचम वर्ज्य, म्हणून पहिली तार निषादाला लावलेली. ही वाद्यं मिरजेची. तिथल्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सभागृहात तानपुरा आणि गळा एकाच स्पीकरमधून येतात. इथे तानपुरे बाईंच्या मागून दोन बाजूंनी येत होते आणि आवाज त्यांच्यामधून.

गाणं मुळात असंच ऐकलं जायचं. असं गाणं ऐकवणारा कोल्हापूरचा देवल क्लब १८८३चा. शाहू महाराजांच्या पदरी असलेले अल्लादिया खाँ, १९२२ साली महाराज वारल्यावर मुंबईत आले. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांच्या बैठकी श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत व्हायच्या. त्यांनी ध्वनिमुद्रणं मोजकीच मागे ठेवली. त्यातली साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली. दिवाणखान्यात रात्रभर गाणाऱ्या बाईंची साडेतीन मिनिटं परग्रहवासीयांच्या वाट्याला!

त्या दिवाणखान्यांच्या दारात मात्र माझ्या आजोबांना कुणी उभं केलं नसतं. तिकीट काढून कुणालाही गाणं ऐकता यावं ही सोय विष्णु दिगंबरांच्या पिढीने केली, आणि भीमसेनांनी १९५३ साली गुरूच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाने ती हजारोंपर्यंत नेली. मी त्याच मांडवातला श्रोता. सवाई एके काळी रात्र रात्र चालायचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतरच्या कर्ण्यांवर बंधन आणलं आणि उघड्या मांडवातल्या मध्यरात्रीच्या दरबारी-मालकंसाला घड्याळ आडवं आलं. घरात कर्णाच नसतो. आडवे येतात ते शेजारी.

मारव्याकडे परत येतो. विलंबित एकतालाचं आवर्तन पाऊण मिनिटाचं असेल. बाई निषादावरून रिषभावर यायच्या, थांबायच्या, धैवताकडे उतरायच्या; षड्जाला शिवायचं नाव नाही. मारवा असाच गातात, माहीत होतं. पण सहा फुटांवरून त्यांचा रिषभाआधीचा श्वास ऐकू येतो, मांडीवरचा डावा हात हळूहळू उघडताना दिसतो, आणि आपण त्यांच्याबरोबर श्वास धरून बसतो. चौथ्या-पाचव्या आवर्तनात तो हात वर आला. आता षड्ज येणार म्हणून मी मोठ्याने "क्या बात है!" म्हणून बसलो.

षड्ज आलाच नव्हता.

सभागृहात ही दाद विरून गेली असती. इथे तबलजींनी माझ्याकडे पाहिलं. बाईंनी डोळे उघडले, मिस्कील हसल्या, आणि तो हात परत मांडीवर ठेवून रिषभावर जाऊन बसल्या. आणखी दोन आवर्तनं तिथेच. दीड मिनिट मी मान वर केली नाही. मग षड्ज लागला तेव्हा खोलीत कुणीही काही बोललं नाही. त्यांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली: आता म्हणा!

मध्यंतरात कॉफी आणि बटाटेवडे झाले. त्यानंतर बागेश्री, एक नाट्यपद, आणि सव्वादहाला भैरवी. निघताना मी वाकून नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "तुम्ही घाई करता हो." वीस वर्षांत त्या माझ्याशी बोलल्या ते हे एवढंच.

सकाळी सातला वहिनींचा फोन. फ्रिज परत लावायचा राहून गेला होता. दोन लिटर दूध नासलं. पनीर केलंय, डबा घेऊन या म्हणाल्या.