घाटावरचा माल, घाटाखालचे बंदर

व्यापारी मनुष्य फिरतो पुष्कळ, परंतु पाहतो थोडे; कारण त्याच्या फिरण्यास नेहमी एखादा नमुना, एखादा तंटा अथवा एखादी थकलेली वसुली चिकटलेली असते. म्हणून गेल्या हिवाळ्यात बेळगावहून उत्तर कन्नडच्या किनाऱ्याने थेट मूडबिद्रीपर्यंत तीन रात्री व चार दिवसांची बस-सहल ठरली, तेव्हा वसुलीच्या वह्या घरी ठेवाव्यात हा एकच नियम आम्ही सर्वांनी कसोशीने पाळला.

अशा सहलींचा छापील कार्यक्रम बहुधा साच्यातून काढलेला असतो. रात्री दहाला गाडी सुटते, प्रवासी झोपेत घाट उतरतात आणि डोळे उघडतात ते समुद्रावर. सहल चालविणाऱ्याचे एका रात्रीचे खोलीभाडे वाचते. प्रवाशास एक दिवस फुकट मिळाल्यासारखे वाटते. आमच्या मते हा सौदा प्रवाशाच्या तोट्याचा आहे. या किनाऱ्यावरचे जुने बंदर केवळ समुद्राच्या जोरावर कधीच उभे राहिले नाही; त्याच्या पाठीशी घाटावरचा माल उभा होता. घाट अंधारात गेला म्हणजे बंदराचा अर्धा हिशेब हातून गेला. आम्ही घासाघीस करून दोन्ही वेळचा घाट दिवसाउजेडी पदरात पाडून घेतला आणि त्या बदल्यात दोन समुद्रस्नाने सोडली. मुलाबाळांनी थोडी कुरकुर केली, ती मुरुडेश्वरला मिटली.

पहिल्या दिवशी हुबळीवरून यल्लापूर व तेथून आरबैल घाट. हुबळीची काळी जमीन मागे पडते, भाताची खाचरे लागतात, मग दाट रान, आणि तासाभरात गाडी नारळीच्या सावलीत अंकोल्यास येते. या उतरणीचा अर्थ कुमठ्यास कळतो. एकेकाळी मुंबईच्या व लँकेशायरच्या बाजारात ‘कुमठा’ नावाचा कापूस विकला जाई. कुमठ्यास कापूस पिकत नाही. पिकत असे धारवाडकडच्या काळ्या रानात. तो बैलगाड्यांतून घाट उतरून या बंदरी येई व येथून गलबतांत चढे, म्हणून मालास बंदराचे नाव पडले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तेथील कापूस अडकला आणि या वाटेवरच्या गाड्यांस उसंत राहिली नाही. उत्तर कन्नड जिल्हा १८६२ साली मद्रासकडून मुंबई इलाख्याकडे आला, त्यातही कापसाचा हात होता. पुढे १८८० च्या दशकात लोहमार्ग मुरगावकडे वळला, कापूस त्याच्या मागे गेला आणि कुमठा निवांत झाला. आज तेथील बंदरावर मासेमारीच्या होड्या दिसतात. ज्यांच्या पेढ्या आडवाटेच्या गावी आहेत त्यांनी हे बंदर अवश्य पाहावे.

दुसऱ्या दिवशी अघनाशिनी नदीकाठचा मिर्जानचा जांभ्या दगडाचा किल्ला पाहिला. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे गेरसोप्प्याची जैन राणी चेन्नभैरादेवी हिची सत्ता होती. पोर्तुगीज तिला ‘मिऱ्यांची राणी’ म्हणत. आमच्या मार्गदर्शकाने तिच्या शौर्याच्या कथा रंगवून सांगितल्या; परंतु एका लहानशा राज्यास पोर्तुगिजांशी कधी लढता व कधी तह करता आला तो मिऱ्यांच्या पोत्यांवर, हे त्याने सांगितले नाही. भटकळ हे विजयनगरच्या काळी अरबी घोडे उतरविण्याचे बंदर होते. तेथील चंद्रनाथेश्वराची दगडी बसदी गावाच्या गर्दीत असूनही शांत आहे. मुरुडेश्वरी १२३ फुटी शिवमूर्ती व २० मजली गोपुर. दोन्ही भव्य, दोन्ही अलीकडची. छायाचित्रे निघाली आणि गाडी सुटली.

कारकळचा बाहुबली १४३२ सालचा, ४२ फुटांचा, एकाच शिळेतला. त्याच्या समोरच्या टेकडीवरची चतुर्मुख बसदी १५८६ सालची. चारही दिशांना दारे आणि चारही बाजूंना सारखेच रूप. येथे एक तास मिळाला, तो पुरला.

मूडबिद्रीस मात्र कार्यक्रमपत्रिकेत चाळीस मिनिटे होती, ती आम्ही साडेतीन तासांवर नेली. ‘हजार खांबांची’ म्हणून प्रसिद्ध असलेली तेथील बसदी १४३० ची. वरचे मजले उतरत्या छपरांचे व लाकडी कामाचे आहेत. त्या मुलखाचा पाऊस पाहिलेल्यास हे छप्पर असे का, हे विचारावे लागत नाही. खांब वरवर सारखे वाटतात, पण प्रत्येकाची नक्षी निराळी आहे. चाळीस मिनिटांत खांब मोजून होतील, पाहून होणार नाहीत.

परंतु वेळ वाढवून घेण्याचे खरे कारण निराळे होते. षट्खंडागमावरील ‘धवला’ टीकेची ताडपत्रे शतकानुशतके याच गावी सांभाळली गेली. १८८३ साली मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी संघासह येथे यात्रेस आले. दर्शन झाले, तशी ताडपत्रेही त्यांस दाखविण्यात आली. पाने जीर्ण होत चालली होती. दर्शन घेऊन परतणारे यात्रेकरू पुष्कळ होते. शेठजींनी परतल्यावर सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांच्याशी विचारविनिमय केला आणि त्यातून नकला करविण्याचे काम उभे राहिले. ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले व १९२२ च्या सुमारापर्यंत चालले. पुढे डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून १९३९ साली ‘धवले’चा पहिला भाग छापून निघाला, १९५८ पर्यंत सोळा भाग पुरे झाले. एका व्यापाऱ्याच्या सहलीतून निघालेले हे काम पाऊणशे वर्षे पुरले. आमच्यातील एका वयस्क सभासदाने विचारले, “त्या संघास येथे चाळीसच मिनिटे मिळाली असती तर?” मार्गदर्शक भला माणूस होता, तो हसला आणि चालकास थांबण्याची खूण करून आला.

परतीच्या वाटेवर होन्नावरहून शरावतीच्या काठाने आत वळलो. गेरसोप्प्याचे जुने नगर आज रानात विखुरले आहे. उभी आहे ती मुख्यतः चतुर्मुख बसदी. घाटावरचे मिरे येथे उतरत आणि नदीने होन्नावरच्या खाडीस जात. एवढ्या नावाजलेल्या पेठेच्या जागी पाखरांखेरीज आवाज नाही. बसचे प्रवासी येथे सहसा उतरत नाहीत, कारण खाण्याची सोय नाही. आम्ही बरोबर खाकरे व चिवडा घेतला होता. ज्यांना सूर्यास्तापूर्वी जेवायचे त्यांनी या मार्गावर शिधा नेहमी जवळ ठेवावा.

घाट चढून जोगला आलो. धबधबा ८३० फुटांचा. पण १९६४ साली लिंगनमक्कीचे धरण झाल्यापासून हिवाळ्यात पाणी बेताचेच असते. पाण्यासाठी जाणाऱ्याने पावसाळा गाठावा; घाटाच्या रस्त्यासाठी जाणाऱ्याने मात्र तो टाळावा.

शिरसीस दुपार झाली होती. येथे सुपारीच्या बागा उंच रानाच्या कुशीत असतात. सुपारीच्या खोडावर मिऱ्याचा वेल चढविलेला, खाली वेलदोडा. खतासाठी पालापाचोळा शेजारच्या ‘बेट्ट’ रानातून. एका जागेवर तीन पिके घेणारा हा बागाईतदार जोखीम वाटून टाकण्यात आपल्यापेक्षा काकणभर सरस आहे. घडातील एखादा दाणा तांबूस होऊ लागला की मिरे तोडतात. उन्हात वाळले म्हणजे काळे पडतात. सुपारी हिरवी सोलून उकडली तर लाल होते, पिकवून वाळविली तर पांढरी. दोहोंची गिऱ्हाइके वेगळी. बागाईतदारांची येथील सहकारी विक्री संस्था १९२३ सालची आहे, आणि ‘शिरसी सुपारी’स २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दलालांवाचून माल विकण्याचा हा शंभर वर्षांचा खटाटोप पाहून आमच्यातील काही मंडळी अंमळ गंभीर झाली.

बाजारात आमच्यातील एका किराणा व्यापाऱ्याने मूठभर मिरे मागून ते पाण्याच्या पेल्यात टाकले. भरीव दाणे तळाशी गेले, पोकळ वर तरंगले. दुकानदाराने निमूटपणे दुसरे पोते उघडले. तेथेच शिदोरी सोडून पाचाच्या आत जेवणे आटोपली. मुंडगोडपर्यंत उजेड होता. पुढचा सपाटीचा रस्ता सर्वांनी झोपेत काढला.