वर्धेकरांचा नीलपंख

वर्धेकरांनी २०१८ मध्ये मतदान करून आपल्या शहराचा पक्षी ठरवला. बहार नेचर फाउंडेशन आणि नगर परिषदेने घेतलेल्या त्या निवडणुकीत नीलपंख निवडून आला. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात आणि ओडिशा, कर्नाटक, तेलंगणाने ज्याला राज्यपक्षी केलं, तोच हा. विजेच्या तारेवर बसलेला असला की मातकट दिसतो, नवख्याची नजर त्याच्यावर ठरतही नाही. खाली भुंगेरा हलला की तो झेपावतो आणि पंख उघडताच गडद-फिकट निळे पट्टे झळाळून उठतात. मग भक्ष्य चोचीत धरून पुन्हा वर येतो, आपटून आपटून त्याला मारतो आणि गिळतो.

हजारो पक्षीनिरीक्षकांच्या ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावरील नोंदींवरून २०२३ मध्ये ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल तयार झाला. नीलपंखाची संख्या दीर्घकाळात ३० टक्क्यांहून अधिक घटल्याचं त्यात दिसलं. धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीतलं त्याचं स्थान पुन्हा तपासावं, अशी शिफारसही झाली. रोज दिसणारा पक्षी कमी होतोय, हे एकट्यादुकट्याच्या ध्यानात येत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात.

दुर्मीळ पक्षी म्हटलं की आपण अभयारण्याकडे पाहतो. वर्ध्यात बोर अभयारण्य आहे, २०१४ पासून ते व्याघ्र प्रकल्प आहे आणि त्याचं मोल मोठं आहे. पण नीलपंखाचा संसार मुख्यतः शेतशिवारात. भुंगेरे, नाकतोडे, रातकिडे हे त्याचं अन्न कपाशी-तुरीच्या रानात मिळतं आणि फवारणीने तेच आधी मरतं. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकऱ्यांचे जीव गेले. माणसाला मारणारं औषध पाखरांना सोडेल कसं?

दुसरी अडचण घराची. नीलपंख स्वतः झाड कोरत नाही. सुतार पक्ष्याने सोडलेली किंवा खोड कुजून झालेली ढोली त्याला लागते. अशा ढोल्या जुन्या झाडांनाच असतात, आणि धुऱ्यावरची, रस्त्याकडेची तीच झाडं आधी तोडली जातात. नव्या रोपांना ढोली धरायला कित्येक वर्षं जातात.

माळढोक पक्ष्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये अभयारण्य झालं, तरी आज तिथे तो दिसणं नवलाचं. नीलपंखाच्या बाबतीत अजून वेळ आहे आणि काम गावातल्या माणसाच्या हातचं आहे. मार्च ते जून हा त्याचा विणीचा काळ. धुऱ्यावरचं पोकळ झाड ‘वाळलं’ म्हणून जळणाला तोडण्याआधी ढोलीत पाखराची ये-जा आहे का, हे पाहावं. ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात शाळांनी तलावांबरोबर शिवारातल्या तारांवरचे नीलपंखही मोजावेत, दरवर्षी त्याच वाटेने. आणि ज्या नगर परिषदेने त्याला शहरपक्षी केलं, तिने शहरातल्या ढोलीच्या झाडांची यादी करून ती तोडण्यावर बंदी घालावी.