धानाच्या पंचांगावर चालणारा गोंदिया

कोल्हापूरहून सुटलेली महाराष्ट्र एक्स्प्रेस राज्याची हद्द न ओलांडता १३००हून अधिक किलोमीटर धावते आणि गोंदियाला येऊन थांबते. इथून पूर्वेला थोडं पुढे गेलं की छत्तीसगड लागतो, उत्तरेला तासाभराच्या वाटेवर मध्य प्रदेशातलं बालाघाट. मुंबई-हावडा मार्गावरून गेलेल्या कुणालाही हे नाव ठाऊक असतं, पण बहुतेकांना ते स्टेशन म्हणूनच. फलाटावर चहा घ्यायचा, डब्यात परत चढायचं, गाव मागे पडतं.

खरं सांगायचं तर शहरात फार बघण्यासारखं नाहीही. हे व्यापाराचं गाव आहे. एकेकाळी डिंक, लाख, बिडी. आता भाताच्या गिरण्या. आसपासच्या बांध्यांतलं, म्हणजे बांध घातलेल्या शेतांतलं, धान इथे येतं आणि तांदूळ होऊन देशभर जातं. बाजारात हिंदी, घरात पोवारी किंवा झाडीबोली, सालेकसा-देवरीच्या अंगाला गोंडी, अशी भाषांची सरमिसळ पहिल्या तासातच कानावर पडते. नवरात्रात मात्र शहराच्या अंगात येतं. दुर्गेच्या मंडपांसाठी शेजारच्या दोन राज्यांतून माणसं येतात आणि रात्रभर रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते. शहराला लागून असलेल्या नागरा गावात जुनं शिवमंदिर आहे. तासभर हाताशी असेल तर जावं. एरवी गोंदियात उतरायचं ते गोंदियाबाहेर पडायलाच.

बाहेर केव्हा पडायचं, हे मात्र विचारून घ्यावं. १ मे १९९९ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा वर्षभर एकसारखा दिसत नाही. त्याचं पंचांग धान ठरवतं. बांधीत पाणी केव्हा चढलं, पऱ्हे केव्हा रोवले, कापणी केव्हा आटोपली, यावर इथले पक्षी, जत्रा, नाटकं आणि पाहुणे सगळं अवलंबून असतं. बाहेरचा पर्यटक यातलं काही न विचारता एप्रिल-मेमध्ये येतो, कारण त्याला वाघ हवा असतो.

त्याचंही चुकत नाही. नागझिऱ्याचं जंगल मे महिन्यात विरळ होतं, पाणवठे मोजके उरतात आणि तहान प्राण्यांना उघड्यावर आणते. वाघ दिसला नाही तरी रानगवा, अस्वल आणि शीळ घालत फिरणारी रानकुत्र्यांची टोळी दिसण्याची आशा असते. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘नागझिरा’ लिहून या जंगलाला मराठी घरांत नेऊन ठेवलं. नंतर किरण पुरंदरे इथे चारशे दिवस राहिले आणि त्यांचंही पुस्तक झालं. एका अभयारण्याला दोन पुस्तकं लाभणं ही महाराष्ट्रात दुर्मीळ गोष्ट. डिसेंबर २०१३मध्ये नागझिरा, नवेगाव आणि कोका मिळून राज्यातला पाचवा व्याघ्रप्रकल्प झाला. त्याच वर्षी इथला ‘जय’ नावाचा दांडगा वाघ चालत उमरेड-कऱ्हांडल्याला निघून गेला, तिथे प्रसिद्ध झाला आणि २०१६मध्ये दिसेनासा झाला. मे २०२३मध्ये वनखात्याने बाहेरून दोन वाघिणी आणून या जंगलात सोडल्या. नवेगाव आणि नागझिरा या दोन तुकड्यांच्या मधून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो, हे लक्षात घेतलं की वाघांचा इथला हिशेब किती अवघड आहे ते कळतं.

पण जिल्ह्याचं खरं वैभव पाणी आहे, आणि ते माणसांनी साठवलेलं आहे. त्यासाठी गोंदियाहून दक्षिणेला नवेगावबांधला जावं. रेल्वेने जाणाऱ्याला गोंदिया-बल्लारशा मार्गावरचं देवलगाव स्टेशन जवळ पडतं. डोंगरांच्या वेढ्यात सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा जलाशय पसरला आहे. पहिल्यांदा पाहणारा त्याला निसर्गनिर्मित सरोवर समजतो. तो कोलू पाटील कोहळी या माणसाने बांधला, असं गाव सांगतं. दोन-तीनशे वर्षांपूर्वी, यंत्रांशिवाय, डोंगरांमधल्या फटी मातीच्या पाळीने बुजवून. गावाने या कामाची पावती आपल्या पद्धतीने दिली आहे: कोलू पाटलाचा कोलासूर देव झाला आणि तलावाभोवतीच्या सात डोंगरांना, त्यांनी बांधकामाला हात लावला म्हणून, सातबहिणी म्हणून पूजतात. पाटबंधारे खात्याच्या कुठल्या अभियंत्याच्या वाट्याला हे आलेलं ऐकिवात नाही.

कोलू पाटील एकटा नव्हता. कोहळी समाजाची ख्यातीच तलाव बांधण्याची. चांद्याच्या गोंड राजाने जाहीर केलं होतं की जो तळं बांधेल त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन मिळेल, असं इकडचे लोक सांगतात. यामागचा हिशेब साधा आहे. इथे पाऊस भरपूर पडतो पण ऐन निसवणीत, म्हणजे लोंब्या बाहेर पडताना, दगा देतो, आणि धानाला त्या पंधरवड्यात पाणी मिळालं नाही तर वर्ष गेलं. म्हणून वरच्या अंगाला तलाव, त्याच्या खाली बोड्या म्हणजे लहान तळी, त्यांच्याखाली बांध्या. वरचा भरला की सांडव्याचं पाणी खालच्याला, असा हा उतरता संसार. मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकांची पद्धत, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला संपली, त्यांचे तलाव सरकारजमा झाले, आणि ‘माजी मालगुजारी’चं सरकारी भाषेत ‘मामा तलाव’ झालं. पुढे अनेक मामांकडे कुणी पाहिलं नाही. गाळ साचला, बेशरमाची झुडपं पाण्यात उतरली, मासे घटले. गेल्या काही वर्षांत अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजाच्या बायाबापड्यांनी ही झुडपं उपटून, तलावात पूर्वीच्या पाणवनस्पती लावून काही ठिकाणी मासळी परत आणली. कुठल्याही पर्यटन पत्रकात याचा उल्लेख नसतो. माझ्या मते नवेगावला जाणाऱ्याने बोटिंगइतकाच वेळ एखाद्या अशा तलावाच्या पाळीवर घालवावा.

नवेगावबांध बघायचा तो हिवाळ्यात. १९७५मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं, पण त्याआधीपासून डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडची बदकं या पाण्यावर उतरत आली आहेत. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले आणि इथल्या गोंड, ढिवर, कोहळी माणसांकडून त्यांनी रानाची जी भाषा उचलली, ती पुढे त्यांच्या सगळ्या लेखनात पाझरली. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. तलावाकाठी पक्ष्यांची नावं सांगणारं कुणी ना कुणी भेटतं, आणि बहुधा ते नाव पुस्तकातल्यापेक्षा वेगळं असतं.

पावसाळ्यात व्याघ्रप्रकल्पाचा गाभा १ जुलैपासून सप्टेंबरअखेर बंद असतो आणि पर्यटकांच्या लेखी जिल्हाच बंद होतो. नेमकी तेव्हाच इथली सर्वांत देखणी गोष्ट घडत असते. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यत्वे गोंदियात, आणि थोडाफार शेजारच्या भागात. माणसाच्या उंचीचा, लाल मानेचा हा क्रौंच उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच. रोवणी आटोपली, बांधीत घोटाभर पाणी उभं राहिलं की सारसाची जोडी धानाच्या मधोमध गवत-काडीचा ढीग रचते आणि त्यावर एक-दोन अंडी घालते. नर-मादी आळीपाळीने महिनाभर उबवतात. म्हणजे राज्यातल्या या अतिशय दुर्मीळ पक्ष्याचा पाळणा कुठल्याही अभयारण्यात हलत नाही. तो कुणाच्या तरी सातबाऱ्यावर हलतो. काही पेंढ्यांचं नुकसान सोसून घरट्याभोवतीचं धान तसंच ठेवणारे शेतकरी इथे आहेत.

दर वर्षी जूनमध्ये, पाऊस येण्याआधी, ‘सेवा’ ही गोंदियातली संस्था, वनखातं आणि गावकरी पहाटे ठरलेल्या ठिकाणी उभे राहून सारस मोजतात. वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या पट्ट्यात, परसवाडा, झिलमिली अशा तलावांवर हे पक्षी उन्हाळ्यात एकत्र येतात, म्हणून मोजणी तेव्हा. आकडा काही डझनांच्या पुढे सरकत नाही. नदीपलीकडे बालाघाटातही ते आहेत. सारसांना राज्याची हद्द ठाऊक नाही, त्यामुळे मोजणी दोन्हीकडे एकाच वेळी करावी लागते. विजेच्या तारांना धडकून आणि कीटकनाशकांनी पक्षी मरतात, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून यात लक्ष घातलं होतं. बघायला जाणाऱ्यांना एकच विनंती: शेतकऱ्याला विचारल्याशिवाय धुऱ्यावर चढू नये, आणि घरट्याच्या फोटोचा हट्ट धरू नये. दुर्बिणीतून, रस्त्यावरून सारस छान दिसतो. एवढा उंच पक्षी लपणार कुठे?

पावसाळ्याचं दुसरं, जास्त गजबजलेलं ठिकाण म्हणजे सालेकसा तालुक्यातला हाजरा फॉल. हावडा मार्गावर दरेकसाच्या बोगद्याजवळ गाडी आली की खिडकीकडे गर्दी होते, कारण धबधबा डब्यातूनही दिसतो. जुलैपासून दिवाळीपर्यंत रविवारी इथे गोंदिया, बालाघाट, राजनांदगाव सगळीकडची तरुण मंडळी असतात. शेजारच्या गावाची वन व्यवस्थापन समिती ठिकाण सांभाळते. मला विचाराल तर मंगळवार-बुधवारी जावं.

त्याच डोंगररांगेत कचारगडच्या गुहा आहेत. तिथे सहलीला म्हणून जाऊ नये. तिथे माघ पौर्णिमेला जावं. कली कंकाली मातेची मुलं या गुहेत कोंडली गेली होती आणि पारी कुपार लिंगो, जंगो रायताड आणि किंगरी वाजवणारा हिरासुका यांनी त्यांना मोकळं केलं, अशी गोंड समाजाची श्रद्धा आहे. म्हणून ही त्यांच्या धर्माची उगमभूमी. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा इथून लोक पायी, रेल्वेने, ट्रॅक्टरने येतात. एकेकाळी नक्षलवादाच्या सावटाखाली असलेल्या या रानात त्या दिवसांत पिवळे झेंडे दिसतात आणि ढोल व गोंडी गाणी यांशिवाय काही ऐकू येत नाही. डोंगर चढायला लागतो आणि मुख्य गुहेचं तोंड इतकं मोठं आहे की आत शिरलेली माणसं एकदम लहान होऊन जातात. पाहुण्याने मागे राहून बघावं.

जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. त्याजवळच्या गोठणगावला १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिबेटी वसाहत आहे. विदर्भाच्या उन्हात बौद्ध विहार आणि प्रार्थनेचे झेंडे पाहून नवखा माणूस चक्रावतो. इथली कुटुंबं शेती करतात आणि हिवाळ्यात दूरदूरच्या शहरांत स्वेटर विकायला जातात. जवळच प्रतापगडावर महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते. त्याच परिसरात ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा आहे आणि तिथेही दूरवरून लोक येतात.

हे सगळं बघूनही गोंदिया जिल्हा कळला असं म्हणता येत नाही, मंडई, म्हणजे गावची जत्रा, बघितली नसेल तर. भाऊबीजेपासून मंडया सुरू होतात. हलकं धान कापून झालेलं असतं, हातात थोडा पैसा असतो, माहेरवाशिणी आलेल्या असतात. प्रत्येक गावाचा दिवस पूर्वापार ठरलेला, एका दिवशी एका गावात, म्हणजे शेजारच्या गावांना तिथे जाता येतं. दुपारी गोवारी समाजाची ढाल निघते, बाजार भरतो: उसाची कांडकी, शिंगाडे, बत्तासे, बांगड्या, प्लॅस्टिकची विमानं. दंडारीचं लोकनाट्य उभं राहतं, त्यात लुगडं नेसलेला गडी नाचतो आणि सरपंचापासून जावयापर्यंत सगळ्यांची टिंगल करतो. ज्याच्या गावची मंडई त्याच्या घरी त्या दिवशी पाहुण्यांची मोजदाद नसते, आणि कितीतरी लग्नांची बोलणी या गर्दीत सुरू होतात. मुलगी बघायला म्हणून कुणी येत नाही. सगळे मंडईला येतात.

रात्री नाटक. झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भाची, रंगभूमी ही पुण्या-मुंबईच्या नाट्यसृष्टीला फारशी ठाऊक नसलेली, पण अनुदानावाचून चालणारी रंगभूमी आहे. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे तिचं मुख्य केंद्र. तिथल्या मंडळ्या दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत जवळजवळ रोज एका गावात असतात. नाटक दहा-अकराला सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. सासू-सुनेचं रडू, दारुड्या नवरा, मध्येच लावणी, मध्येच विनोदी नटाचा धुमाकूळ, आणि ऑर्गनच्या साथीने गाणी. शहरी समीक्षकाला यात खोट काढायला भरपूर जागा आहे. पण हजारो माणसं तिकीट काढून रात्रभर जागतात, ही गोष्ट त्याला आपल्याकडच्या नाट्यगृहांबद्दल सांगता येणार नाही.

मंडईची तारीख छापील पत्रकांत शोधत बसू नये. गोरेगाव, आमगाव किंवा सडक अर्जुनीच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारलं की आज कुठली, उद्या कुठली, आणि कुठल्या मंडळीचं नाटक जास्त चाललंय, हे तिन्ही एका दमात सांगतात. तिकीट मात्र खुर्चीचं काढावं. जमिनीवरची बैठक स्वस्त पडते, पण तिसऱ्या अंकापर्यंत बांधीतली थंडी तणसातून वर चढते आणि नायिकेच्या हालांपेक्षा आपलेच हाल जास्त वाटू लागतात.